इनामगावचा 'नायक' : पुरावा नेमका किती भक्कम?

दख्खनपठार :

नमस्कार मंडळी,

सामाजिक विषमता कधी आणि कशी सुरू झाली, हे उत्खननातून कसं ओळखतात यावर वाचन चालू आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गाडी इनामगावपाशी येऊन थांबते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली खणलेलं ताम्रपाषाणयुगीन गाव. तीन सांस्कृतिक काळ : माळवा (साधारण इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व-जोर्वे (१४०० ते १०००), उत्तर-जोर्वे (१००० ते ७००).

गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर, त्याला लागून धान्यकोठार, आणि घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला चाळिशीतला पुरुष. यावरून ढवळीकरांनी हे नायकाच्या सत्तेखालचं गाव, म्हणजे चीफडम, असल्याचं मांडलं आणि पद वंशपरंपरेने चालत असावं असंही सुचवलं.

माझे प्रश्न :
१) घर, कोठार आणि रांजण हे तीन वेगळे पुरावे धरायचे की एकाच जागेचे असल्यामुळे एकच?
२) पद वारशाने मिळत होतं हे दाखवायला काय सापडायला हवं?
३) घरांच्या क्षेत्रफळावरून गिनी निर्देशांक (विषमता किती ते सांगणारा आकडा) काढण्याची पद्धत हल्ली बरीच वापरतात. ती इथे चालेल का?

थरवाचक :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं : दफनाचा खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला गेला. "घराच्या अंगणात" हे शब्द आडव्या नकाशावरून येतात. छेदात, म्हणजे मातीच्या उभ्या कापात, पाहिलं तरच कळतं की खड्ड्याचं तोंड त्याच घराच्या सारवलेल्या जमिनीत उघडतं, की घर पडून गेल्यावर वरच्या थरातून कोणी खाली खणत आलं. इनामगावसारख्या गावात ही अडचण जागोजागी येते, कारण जमीन वारंवार चोपून सारवली जाते आणि एका घराच्या जमिनीचे अनेक पापुद्रे एकावर एक बसतात. खड्डा भरताना तीच माती परत टाकतात, त्यामुळे रंगात फरक जेमतेम दिसतो. खड्ड्याची कड सकाळच्या तिरप्या उन्हात आणि माती किंचित ओली करून शोधावी लागते. ती निसटली तर दफन एका काळातून दुसऱ्या काळात सरकतं आणि वरचा सगळा तर्क त्याच्यासोबत सरकतो.

म्हणून घर आणि रांजण हे दोन स्वतंत्र पुरावे तेव्हाच मोजा जेव्हा दोघांची तारीख एकमेकांच्या आधाराशिवाय ठरली असेल. "रांजण नायकाचा, कारण घर मोठं, घर नायकाचं, कारण आत रांजण" असा उलटसुलट आधार अनेक पुस्तकांत नकळत होतो.

आता रांजणाबद्दल. तिथे प्रौढांना पुरण्याची नेहमीची रीत अशी : घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात लांबट खड्डा, देह उताणा, डोकं उत्तरेला, पाय घोट्याखाली तोडलेले. मुलांसाठी दोन करडे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. या पार्श्वभूमीवर चार पायांच्या, सुमारे ८० सें.मी. उंच, पोट फुगीर असलेल्या रांजणात बसवलेला आणि पाय शाबूत असलेला माणूस हा उघड अपवाद आहे. सोबत भांडी आहेत. तांब्या-सोन्याचा साठा नाही. इथे वेगळेपण मालमत्तेतून नाही, विधीतून दिसतं. श्रीमंती आणि मान या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवायला हव्यात आणि बहुतेक लेखांत त्या एकाच रकान्यात जातात.

त्याहून मोलाचा पुरावा दुर्लक्षित राहतो. त्याच ठिकाणी याआधीचा तसाच चार पायांचा रांजण मिळाला, पण आत सांगाडा नव्हता. देह हाती न लागलेल्या कोणासाठी केलेलं ते प्रतीकात्मक दफन असावं असा अर्थ लावला गेला आहे. तो मान्य केला तर हा विधी एका माणसाच्या लोकप्रियतेपुरता नव्हता. देह नसतानाही तो करावा लागला आणि त्याच जागी पुन्हा केला गेला, म्हणजे हक्क जागेला आणि पदाला चिकटलेला होता. पाच खोल्यांपेक्षा मला हा रिकामा रांजण जास्त भारी वाटतो.

बल्गेरियातल्या वार्ना इथल्या दफनभूमीशी ताडून पाहण्यासारखं आहे. १९७२ मध्ये सापडलेली, इ.स.पू. पाचव्या सहस्रकातली. तिथल्या काही अतिशय श्रीमंत कबरींमध्ये माणूसच नाही, नुसत्या वस्तू आहेत. ४३ क्रमांकाच्या एका पुरुषाच्या कबरीत मात्र दीड किलोच्या आसपास सोनं आहे. तिथे पद आणि धन एकत्र, इनामगावला पद आहे आणि धन दिसत नाही.

पाय तोडण्याबद्दल एक सावधगिरी. पायाची हाडं लहान असतात. माती चाळली नसेल तर ती हातातून सुटतात, आणि नंतरच्या खड्ड्याने कबरीचं पायाकडचं टोक कापलं असेल तर पाय "तोडलेले" दिसतात. खात्री तीन गोष्टींनी होते : नडगीच्या खालच्या टोकावर कापल्याच्या खुणा, कबरीची दक्षिणेकडची कड अखंड असणं, आणि खड्ड्याची लांबीच मुळात आखूड असणं. तिन्ही जुळल्याशिवाय एकेका सांगाड्याची नोंद "पाय तोडलेले" अशी करू नये.

कणगी_आणि_पेव :

थरवाचक यांनी विधीची बाजू मांडली. मला कोठार आणि पाणी जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण सत्ता रोज कशावर चालत होती ते तिथे कळतं.

साठवण मोजायची कशी? जमिनीत पेव आणि जमिनीवर कणगी अशी दोन साधनं. कणगीचं खाली उरतं ते फक्त मातीचं गोल जोतं, किंवा बूड टेकवायला मांडलेले चार सपाट दगड. उंची कधीच शिल्लक राहत नाही. म्हणून गणित नेहमी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असं दुहेरी करावं. नमुन्यादाखल : आतला व्यास १ मीटर, उंची दीड मीटर धरली तर घनफळ साधारण १.१८ घनमीटर. बार्ली (जव) घनमीटरला ६०० किलोच्या आसपास बसते, म्हणजे ७०० किलो. बियाणं, कीड, उंदीर यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला की ५६० उरतात. माणशी वर्षाला २०० किलो धरले तर एक कणगी जेमतेम तीन माणसांची. पाच-सहा जणांच्या घराला दोन कणग्या लागणारच. मग अंगणात दोन गोल जोती दिसली की "अतिरिक्त धान्य" असं लिहून मोकळं होता येत नाही. विषमता म्हणायची तर एका घराशेजारची साठवण त्या घराच्या गरजेच्या अनेक पट हवी, आणि इतर घरांच्या अंगणातली साठवण त्याच काळात मोजलेली हवी. व्यास १ मीटरऐवजी १.४ मीटर धरला तर घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. मोजताना जोत्याचा बाहेरचा व्यास घेतला की आतला, हे नोंदवलं नाही तर सगळं गणित वाया.

कोठार पाच खोल्यांच्या घराला लागून आहे, एवढ्यावरून ते त्या घराच्या मालकीचं होतं असं सिद्ध होत नाही. गावाचं सामाईक कोठार आणि त्याची देखरेख एका घराकडे, हेही शक्य आहे. फरक शोधायचा असेल तर दार कुठे उघडतं ते बघा. घराच्या आतून कोठारात जाता येत असेल तर ताबा एका कुटुंबाचा. तोंड मोकळ्या जागेकडे असेल तर व्यवहार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उभ्या भिंतीचा फूटभरच भाग उरलेल्या ठिकाणी उंबऱ्याची झीज आणि चोपलेली पायवाट यांवरून दार ओळखता येतं, पण त्यासाठी जमीन मोठ्या सलग क्षेत्रावर उघडावी लागते. इनामगावला ती तशी उघडली गेली, शंभराहून जास्त घरं मिळाली. भारतातल्या ताम्रपाषाणयुगीन गावांत इतकं सलग चित्र फार थोड्या ठिकाणी आहे.

पाण्याचं सांगायचं तर पूर्व-जोर्वे काळात तिथे दगडमातीचा बंधारा आहे, सुमारे २४० मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद, आणि सोबत पाट : साधारण ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. "एवढं काम नायकाशिवाय होणार नाही" हा लगेच काढला जाणारा निष्कर्ष. हिशेब करू. पाटाचे १०० मीटर घेतले तर १४०० घनमीटर माती. लाकडी-दगडी अवजारांनी खणून वाहून टाकायला माणशी दिवसाला एक घनमीटर धरा. चाळीस माणसं पस्तीस दिवसांत उरकतील. एक उन्हाळा. शेजारपाजारच्या घरांनी ठरवून केलं तरी होतं, त्याला राजा लागत नाही.

सत्तेची गरज त्यानंतर लागते. दर पावसाळ्यात पाट गाळाने भरतो. गाळ कोणी काढायचा, वरच्या शेताने आधी पाणी घ्यायचं की खालच्या, न आलेल्या घराला काय शिक्षा, हे दरवर्षी कोणीतरी ठरवावं लागतं. त्यामुळे पुरावा शोधायचा तो खोदाईत नाही, पुन्हापुन्हा केलेल्या सफाईत. पाटाच्या छेदात गाळाचे थर मध्येच कापले गेलेले आणि त्यावर नवा गाळ बसलेला दिसला की सफाई झाली. असे किती वेळा कापले गेले ते मोजता येतं. सफाई थांबल्यानंतरचा गाळ अखंड, बारीक, एकसारखा बसतो. तो काळ आणि नायकाच्या घराचा काळ जुळतो का, हा खरा तपासण्याजोगा प्रश्न आहे.

दख्खनपठार :

दोघांचेही आभार. विधी आणि मालमत्ता वेगळे रकाने ठेवायचे, हे आता टिपणांत लगेच बदलतो. गिनीबद्दल आणि वारशाबद्दल कोणी सांगेल का? शिवाय दायमाबादचे कांस्य प्राणी या चर्चेत नेहमी येतात, त्यांचं काय करायचं?

आकडेमोड :

गिनीचं सूत्र सोपं आहे. घरं लहान ते मोठी अशी रांगेत लावा, प्रत्येकाला क्रमांक द्या. क्रमांक गुणिले क्षेत्रफळ, सगळ्यांची बेरीज, तिची दुप्पट. तिला घरांची संख्या गुणिले एकूण क्षेत्रफळ यांनी भागा. त्यातून (घरं + १) भागिले घरं वजा करा. शून्य म्हणजे पूर्ण समानता.

कल्पित पाच घरं घ्या : १०, १०, १५, २० आणि ४५ चौरस मीटर. गिनी येतो ०.३२. शेवटचं मोठं घर काढलं की तो ०.१६ होतो. एका घराने आकडा दुप्पट झाला. म्हणजे ज्या गावात "नायकाचं घर" एकच आहे तिथे गिनी हा स्वतंत्र पुरावा नाही. त्या एका घराचंच दुसरं नाव आहे. घरांतून पुन्हापुन्हा यादृच्छिक निवड करून (बूटस्ट्रॅप) आकड्याची वरची-खालची मर्यादा दिल्याशिवाय तो छापू नये.

इनामगावला तीन खास अडचणी आहेत.

उत्खननाच्या चरात अर्धवट आलेली घरं सर्वांत आधी. ती गाळली तर मोठी घरं जास्त गळतात, कारण मोठं घर चराच्या कडेला कापलं जाण्याची शक्यता जास्त. गिनी आपोआप खाली येतो. अर्धी घरं तशीच मोजली तर उलट वर जातो. दोन्ही आकडे काढून शेजारी ठेवा.

दुसरी अडचण काळाची. माळवा काळातली घरं पूर्व-जोर्वेतल्या नेहमीच्या घरांपेक्षा मोठी आहेत, ७ बाय ५ मीटरच्या आसपास, मध्ये कुडाची भिंत. दोन्ही काळ एकत्र केले की बदलती बांधणी ही विषमता म्हणून दिसते. प्रत्येक काळाचा आकडा वेगळा.

तिसरी सगळ्यांत फसवी. उत्तर-जोर्वेत छोट्या गोल झोपड्या येतात आणि त्या पुंजक्यांनी असतात, मध्ये सामाईक अंगण. प्रत्येक झोपडी एक घर धरली तर सगळे सारखे दिसतात आणि "विषमता संपली" असा निष्कर्ष निघतो. पण एक पुंजका हे एक कुटुंब असेल, एकीत चूल, दुसरीत साठवण, तर मोजायचं एकक पुंजका आहे. कुठल्या झोपडीत चूल आहे, कुठल्या झोपडीत पाटा-वरवंटा, याची यादी करूनच एकक ठरवा. पाच खोल्यांच्या घराला हाच प्रश्न उलट बाजूने विचारा : पाच खोल्यांत किती चुली? एकच चूल असेल तर मोठं घर. तीन असतील तर नांदणारं मोठं कुटुंब, आणि माणशी जागा कदाचित शेजाऱ्याएवढीच.

जगभरातल्या घरांच्या गिनीची तुलना करणारा कोहलर आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. नव्या जगापेक्षा (अमेरिका खंडांपेक्षा) युरोप-आशियात विषमता पुढे जास्त वाढली आणि त्यात नांगर ओढणाऱ्या जनावरांचा वाटा असावा, असा त्यांचा तर्क आहे. इनामगावात गुरं होतीच. पण बैलजोडी घराच्या क्षेत्रफळात दिसत नाही, गोठ्यात दिसते. गोठ्याच्या जागी मातीत शेणाचे अवशेष आणि फॉस्फेटचं प्रमाण तपासावं लागतं, आणि जुन्या उत्खननातले मातीचे नमुने जपून ठेवलेले असतील तरच ते जमतं.

थरवाचक :

चुलींचा मुद्दा फार योग्य. त्यात एवढंच जोडतो : चुली मोजताना एकाच जमिनीवरच्या मोजा. चूल सरकवून नवी घालणं नेहमीचं आहे. जुनी चूल सारवणाखाली जाते, आणि खणताना दोन्ही एकाच दिवशी उघडल्या तर नकाशावर दोन दिसतात.

शिलावर्तुळ :

वारसा आणि दायमाबाद, दोन्हींवर लिहितो.

वारसा दाखवायचा तर मुलांकडे बघायला हवं. प्रौढाला मान त्याच्या कर्तबगारीने मिळालेला असू शकतो. दोन वर्षांच्या मुलाने काहीही कमावलेलं नसतं. त्याच्या दफनात इतर मुलांपेक्षा वेगळा थाट दिसला तर तो घराण्याचा. इनामगावला ही संधी मोठी आहे, कारण तिथल्या दफनांत बहुसंख्य मुलंच आहेत. आणि बहुतेक मुलांना तीच रीत मिळते, तोंडाला तोंड लावलेले दोन करडे कुंभ. हा एकसारखेपणा वंशपरंपरेच्या बाजूचा नाही, विरुद्ध बाजूचा आहे, आणि तो मोकळेपणाने लिहिला पाहिजे.

जोर्वे संस्कृतीत अपवाद आहेतच. नेवासे इथे एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तांब्याच्या गंजामुळे आतला धागासुद्धा टिकला, आणि तो कापूस व रेशीम यांचा निघाला. तांबं बाहेरून येणारं, रेशीम त्याहून दुर्मीळ. मुलाच्या गळ्यात ते असणं नोंद घेण्यासारखं आहे. पण एका माळेवरून घराणी उभी करता येत नाहीत. मुलांच्या सगळ्या कुंभांची यादी करा : वय, कुंभांची संख्या, मणी, भांडी, घराच्या आत की अंगणात, मध्यावरच्या घरात की कडेच्या. इनामगावला कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम कडेला आणि मोठी घरं मध्यावर, अशी मांडणी सांगितली गेली आहे. कडेच्या आणि मधल्या घरांतल्या मुलांच्या दफनांत फरक आहे का, ही एक तुलना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जाईल. कुंभाचं तोंड फुटून माती आत गेलेली असते, मणी तळाशी बसतात. म्हणून कुंभातली माती बारीक चाळणीतून पाण्याने धुवावी लागते. तशी न धुतलेल्या कुंभाची नोंद "मणी नाहीत" अशी करू नका, "तपासले नाही" अशी करा.

दायमाबाद : प्रवरेकाठचं, सुमारे २० हेक्टरांचं, जोर्वे गावांत सगळ्यांत मोठं. इनामगाव ५ हेक्टरांच्या आसपास, आणि बहुतेक गावं त्याहूनही लहान. तापीकाठी प्रकाशे, प्रवरेकाठी दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यात इनामगाव अशी प्रत्येक खोऱ्यात एक मोठं गाव आणि भोवती लहान गावं ही मांडणी चीफडमच्या बाजूने सांगतात. ती उपयोगी आहे, पण क्षेत्रफळ म्हणजे पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) खापरं जिथवर पसरली तो घेर. अनेक शतकांत वस्ती सरकत गेली तर एका वेळी वसलेलं क्षेत्र त्याच्या निम्मंही नसेल. दायमाबादला सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच थर आहेत. नुसत्या जोर्वे खापरांचा घेर वेगळा काढूनच तुलना करावी.

१९७४ मध्ये मिळालेले चार कांस्य नमुने, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचे आहेत. तांबं इतकं दुर्मीळ असलेल्या प्रदेशात एवढा धातू एका ठिकाणी म्हणजे मोठी सत्ता, असा मोह होतो. पण ते शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेले नाहीत, योगायोगाने सापडले. काळाबद्दल मतभेद आहेत, मिश्रधातूतल्या आर्सेनिकवरूनही वाद झाला. म्हणून जोर्वे काळातल्या विषमतेच्या युक्तिवादात ते वापरू नयेत. वस्तू अप्रतिम आहेत, पण या खटल्यात साक्षीदार म्हणून उभ्या राहू शकत नाहीत.

धन आणि मान एकत्र कसे दिसतात हे पाहायचं असेल तर विदर्भातली लोहयुगीन शिलावर्तुळं (भोवती दगडांचं वर्तुळ रचलेली दफनं) बघा : माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा. लोखंडी हत्यारं, तांब्याची भांडी, काही वर्तुळांत घोड्याची हाडं आणि घोड्याच्या तोंडावर बसवायचा तांब्याचा साज. दक्षिणेला कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या एका दफनात सोन्याचे ३३ मणी, चार तांब्याची कांकणं आणि एक शंख, तर शेजारच्या दफनांत नुसती काही भांडी. इनामगावच्या रांजणापेक्षा हे अगदी वेगळं. वर्तुळं मोजताना मात्र एक ध्यानात ठेवा : एका वर्तुळात एकाहून अधिक माणसांची हाडं असू शकतात. वस्तूंची संख्या माणशी भागल्याशिवाय "श्रीमंत वर्तुळ" म्हणू नये.

दख्खनपठार :

मग एक शेवटचं. इनामगावच्या सांगाड्यांवरून आहार तपासून नायकाचं खाणं वेगळं होतं का हे कळेल का? आणि रांजणाची थेट कार्बन तारीख काढता येईल का?

थरवाचक :

आहारासाठी हाडातलं कोलॅजन हे प्रथिन लागतं आणि दख्खनच्या उष्ण, ओल्या-सुक्या होणाऱ्या काळ्या मातीत ते फार वाईट टिकतं. ते शाबूत आहे का हे बघायला आधी थोड्याशा नमुन्यावर कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर तपासा. ते २.९ ते ३.६ या मर्यादेत नसेल तर पुढचं मापन करू नका, हाड फुकट नष्ट होईल. दाताचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) टिकतं, पण ते बालपणीचा आहार सांगतं. नायक झाल्यावर काय खाल्लं ते त्यात नाही. वारशाच्या प्रश्नाला मात्र नेमकं तेच हवं : बालपणापासून वेगळं खाणं होतं का. शिवाय जव, गहू, मसूर, वाटाणा, वाल, कुळीथ ही इथली मुख्य पिकं कार्बनच्या एकाच गटातली आहेत, म्हणजे खाणाऱ्याच्या दातात सारखीच खूण सोडतात, म्हणून एनॅमलमधून धान्याधान्यातला फरक दिसणार नाही. फार तर दुधामांसाच्या वाट्याने गवतावरच्या गुरांची छाया दिसेल.

तारखेसाठी तोच कोलॅजनचा प्रश्न. ते नसेल तर खड्डा ज्या जमिनीवरून खणला तिच्यावरचे जळके जवाचे दाणे घ्या. खांबाचा कोळसा घेऊ नका. लाकूड जुनं असलं की तारीख दशकांनी मागे जाते. दाणा एका हंगामाचा असतो. खड्ड्याखालच्या आणि वरच्या जमिनीवरचे मिळून सहा ते आठ दाणे आणि थरांचा क्रम, दोन्ही एकत्र घालून बायेशियन या संख्याशास्त्रीय पद्धतीने हिशेब केला तर मर्यादा बरीच आवळता येते. हे इ.स.पू. १००० च्या आसपास चांगलं जमेल. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बनचा आलेख सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वस्तूंना जवळपास सारखीच तारीख येते, म्हणून उत्तर-जोर्वेचा शेवट आणि विदर्भातली वर्तुळं यांच्यात आधी कोण, नंतर कोण हे नुसत्या कार्बनवर सोडवू नका. तिथे खापरं आणि थरच कामाला येतील.